आर्थिक खटल्यांत न्यायमूर्तींचा कौल

हैदराबादच्या काचीगुड्यातला किंवा बडी चावडीतला व्यापारी जीएसटीच्या नोटिशीविरुद्ध हायकोर्टात रिट दाखल करतो, तेव्हा वकिलाला त्याचा पहिला प्रश्न कायद्याबद्दल नसतो. मॅटर कुणाच्या बेंचवर लागले, हे त्याला आधी हवे असते. वकीलही तो प्रश्न गैर मानत नाहीत. अमुक साहेब करदात्याचे म्हणणे ऐकून घेतात, तमुक साहेब 'आधी अपिलात जा' म्हणून परत पाठवतात, तिसरे स्थगिती देतात पण रकमेचा काही हिस्सा भरायला लावून, हे बार रूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असते. मुसीच्या दक्षिण काठावरच्या त्या लाल दगडी इमारतीत १९२० पासून न्यायदान चालू आहे, आणि ही माहितीही तितक्याच काळापासून तोंडातोंडी चालत आली आहे. ती छापून मात्र कुठेच येत नाही. मोठी फी मोजणाऱ्या पक्षकाराला ती मिळते, उरलेल्यांना मिळत नाही. एवढ्या एका कारणासाठीही आर्थिक खटल्यांत न्यायमूर्ती कसा कौल देतात, याचा उघड आणि पुराव्यानिशी अभ्यास व्हायला हवा.

असा अभ्यास म्हणजे न्यायालयाचा अवमान, अशी भीती अनेकांच्या मनात असते. ती निराधार आहे. न्यायमूर्ती हा आयुष्यभराचे वाचन, अनुभव आणि मते घेऊनच न्यायासनावर बसतो. हैदराबादच्या मराठी समाजाला हे सांगायला नको. विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या संस्थापकांपैकी एक, केशवराव कोरटकर, निजामी राजवटीत हायकोर्टाचे न्यायमूर्ती होते आणि शिक्षणाच्या, समाजसुधारणेच्या चळवळीतून आलेले होते. गोपाळराव एकबोटे हैदराबाद राज्यात मंत्री होते आणि १९७२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती झाले. केरळात ईएमएस नंबुद्रिपाद यांच्या १९५७ च्या मंत्रिमंडळात बसलेले व्ही. आर. कृष्ण अय्यर पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. जमीन कुणाची, नफा किती, सरकारने बाजारात कुठपर्यंत यावे, या प्रश्नांवर अशा माणसांना मतेच नसतील, असे मानणे हा त्यांचा अपमान ठरेल. मते असणारच. त्यांचा निकालावर किती आणि कसा परिणाम झाला, एवढेच तपासायचे असते.

याची उत्तम उदाहरणे हैदराबादच्याच उच्च न्यायालयाने दिली आहेत. आंध्र प्रदेश १९५६ मध्ये अस्तित्वात आला तेव्हा त्याचे पहिले मुख्य न्यायमूर्ती होते के. सुब्बाराव. १९५८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे मालमत्तेच्या मूलभूत हक्काचे सर्वांत ठाम पुरस्कर्ते ठरले. सरकारने मालमत्ता संपादन करावी, पण मोबदला खरोखरचा हवा, नाममात्र नको, ही त्यांची भूमिका 'वज्रवेलू मुदलियार' खटल्यापासून दिसते. तिचे टोक म्हणजे २७ फेब्रुवारी १९६७ चा गोलकनाथ निकाल. संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करता येणार नाही, असे सहा न्यायमूर्तींनी म्हटले, पाच जणांनी उलट म्हटले. एका मताने देशाच्या जमीनविषयक धोरणाची दिशा ठरत होती. गंमतीने नव्हे, गांभीर्याने लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढची आहे. आपला निर्णय पुढील काळापुरताच लागू राहील, असे सुब्बाराव यांनी लिहिले. त्यामुळे तोवर झालेल्या जमीन सुधारणा अबाधित राहिल्या आणि ज्या कुटुंबाच्या नावाने हा खटला ओळखला जातो, त्याला जमीन परत मिळाली नाहीच. कौल एका बाजूला, परिणाम दुसऱ्या बाजूला. फक्त कोण जिंकले हे मोजणाऱ्याला सुब्बाराव कळणार नाहीत. निकालपत्र वाचावेच लागते.

त्याच उच्च न्यायालयातून आलेले दुसरे न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी. आणीबाणीत, १९७६ मध्ये, ज्या न्यायमूर्तींच्या बदल्या झाल्या त्यांत ते होते. त्यांना पंजाब-हरियाणात धाडण्यात आले. १९७८ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. कंपनी गुंडाळण्याची सुनावणी चालू असताना कामगारांना बोलू द्यायचे की नाही, हा प्रश्न १९८२ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे आला. भगवती, चिन्नप्पा रेड्डी आणि बहारुल इस्लाम यांनी 'बोलू द्या' म्हटले, वेंकटरामय्या आणि ए. एन. सेन यांनी कंपनी कायद्यात तशी तरतूद नाही, असे म्हटले. तीन विरुद्ध दोन. कायद्याचे पुस्तक पाचही जणांपुढे तेच होते. कारखान्यात भांडवल घालणाऱ्याइतकाच श्रम घालणाराही त्याचा भागीदार आहे की नाही, यावर ते विभागले गेले.

चिन्नप्पा रेड्डी यांचा आणखी एक निकाल थेट मुंबईच्या चाळींपर्यंत येऊन पोहोचला. संविधानाच्या अनुच्छेद ३९(ख) नुसार समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे वाटप लोकहितासाठी व्हावे. या साधनसंपत्तीत खासगी मालमत्ताही येते, असे कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्ये कर्नाटकातल्या बससेवेच्या खटल्यात लिहिले. त्यांच्यासोबत भगवती आणि जसवंत सिंग होते. उरलेल्या चौघांनी निकालाला संमती दिली, पण या मताशी आपण सहमत आहोत असे समजू नये, असे स्पष्ट बजावले. म्हणजे ते अल्पमत होते. पुढे 'संजीव कोक' खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठासाठी लिहिताना चिन्नप्पा रेड्डी यांनी तेच मत उचलून धरले आणि ते जवळपास चाळीस वर्षे कायदा म्हणून वावरले. अल्पमताचा असा कायदा कसा झाला, हे त्या वेळी किती वाचकांना कळले असेल? कौलांची नोंद ठेवून तिच्याकडे पाहणारे कुणी असते, तर ही चर्चा तेव्हाच झाली असती.

याच अनुच्छेदाचा आधार घेत महाराष्ट्रात १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठवे-अ प्रकरण घातले गेले. मुंबईतल्या उपकरप्राप्त जुन्या इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी मागणी केली, तर मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मालकाला देऊन सरकार ती इमारत संपादन करू शकेल, अशी ही तरतूद. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर १९९१ मध्ये ती वैध ठरवली. मालकांच्या संघटनेचे अपील सर्वोच्च न्यायालयात गेले, तीन न्यायमूर्तींकडून मोठ्या पीठाकडे सरकत २००२ मध्ये नऊ न्यायमूर्तींकडे पोहोचले आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर आले. धनंजय चंद्रचूड यांच्यासह सात जणांनी सांगितले, की प्रत्येक खासगी मालमत्ता समाजाची साधनसंपत्ती ठरत नाही. तिचे स्वरूप, दुर्मीळता, समाजावरचा परिणाम आणि मोजक्या हातांत एकवटण्याचा धोका पाहून ठरवावे लागेल. कृष्ण अय्यर आणि चिन्नप्पा रेड्डी यांची मांडणी एका विशिष्ट आर्थिक विचारसरणीवर उभी होती, अशी टीकाही बहुमताने केली. न्यायमूर्ती नागरत्ना यांनी निष्कर्षाशी बरीच सहमती दाखवली, पण १९९१ नंतर धोरण बदलले म्हणून त्याआधीच्या न्यायमूर्तींना दोष देऊ नये, असे लिहिले. सुधांशु धुलिया यांनी विरोधी निकाल दिला आणि विषमता अजून संपलेली नाही, याची आठवण करून दिली.

या निकालपत्राचे मोल त्याच्या निष्कर्षाइतकेच त्याच्या मोकळेपणात आहे. न्यायालयाने एकाच वेळी दोन गोष्टी मान्य केल्या : आर्थिक विचारसरणी निकालात उतरते, आणि ती कुठे उतरली हे दाखवता येते. मात्र बहुमताच्या मांडणीत एक उणीव राहते. आधीच्या न्यायमूर्तींची विचारसरणी तिला दिसली. खासगी गुंतवणुकीवर विश्वास ठेवणारी आजची अर्थव्यवस्था हीदेखील एक विचारसरणीच आहे, हे मात्र तितक्या स्पष्टपणे तिच्या पानांवर उतरले नाही.

कौल मोजताना शिक्के मारण्याची घाई महागात पडते. न्यायमूर्ती नागरत्ना यांचेच पाहा. २ जानेवारी २०२३ रोजी नोटाबंदीच्या खटल्यात चौघांनी केंद्राचा निर्णय वैध ठरवला, त्या एकट्या विरोधात गेल्या. २५ जुलै २०२४ रोजी खनिजांवर कर लावण्याचा राज्यांचा अधिकार आठ जणांनी मान्य केला, त्या एकट्या केंद्राच्या बाजूने राहिल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये औद्योगिक अल्कोहोलच्या खटल्यात पुन्हा आठ विरुद्ध एक, आणि पुन्हा त्या राज्यांच्या अधिकाराविरुद्ध. केंद्रविरोधी की केंद्रधार्जिण्या? दोन्ही शिक्के चुकीचे. तीनही निकाल शेजारी ठेवून वाचले की सूत्र सापडते : आर्थिक सत्तेचे मोठे निर्णय संसदेच्या कायद्यातून यावेत. नोटा रद्द करायच्या तर अधिसूचनेने नको, संसदेने कराव्यात. खनिज आणि अल्कोहोलवर संसदेने नियंत्रण घेतले असेल, तर राज्यांनी त्यात शिरू नये. हे सूत्र पटो वा न पटो, ते सुसंगत आहे आणि लिखित आहे. त्या खनिज निकालाचा राज्यांच्या तिजोरीवर मोठा परिणाम आहे. १ एप्रिल २००५ पासूनची थकबाकी १२ वर्षांच्या हप्त्यांत वसूल करण्याची मुभा राज्यांना मिळाली.

हा सगळा उजेड सर्वोच्च न्यायालयातला. देशातले बहुतेक आर्थिक वाद मात्र उच्च न्यायालयातच संपतात, आणि तिथे चित्र वेगळे आहे. प्रकरण एकट्या न्यायमूर्तीपुढे किंवा दोघांच्या खंडपीठापुढे चालते. दोघांत मतभेद झाला तर तिसऱ्याकडे जाते, आणि असे क्वचित होते. त्यामुळे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीचा आर्थिक कल मतविभागणीत सापडत नाही. तो सापडतो प्रश्न कसा मांडला यात, स्थगिती दिली की नाही यात, आणि तारीख किती लांबची पडली यात.

हैदराबादचेच उदाहरण. शांता बायोटेक्निक्स ही इथली लस बनवणारी कंपनी. तिचे नियंत्रण ज्या फ्रेंच कंपनीकडे होते, त्या कंपनीचे शेअर फ्रान्समध्ये सानोफीला विकले गेले. भारतीय प्राप्तिकर खात्याने कर मागितला. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायमूर्ती गोडा रघुराम आणि एम. एस. रामचंद्र राव यांनी खात्याच्या विरोधात निकाल दिला. भारत-फ्रान्स करारानुसार हा कर फ्रान्सचा, आणि २०१२ ची पूर्वलक्षी दुरुस्ती त्या कराराला ओलांडू शकत नाही, असे त्यांनी ठरवले. त्याआधी, सप्टेंबर २०१० मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात धनंजय चंद्रचूड आणि जे. पी. देवधर यांनी व्होडाफोनच्या बाबतीत खात्याची बाजू घेतली होती. रक्कम ११ हजार कोटींच्या वर होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये तो निकाल उलटवला. दोन्ही व्यवहार परदेशात झाले, मालमत्ता दोन्हीकडे भारतात होती. मुंबईच्या पीठाने व्यवहाराच्या आशयाकडे पाहिले, हैदराबादच्या पीठाने कराराच्या शब्दांकडे. दोन्ही दृष्टी प्रामाणिक आहेत. पण सरकारला शेवटी २०२१ मध्ये पूर्वलक्षी कर मागे घ्यावा लागला, आणि त्याआधीची दहा वर्षे अनिश्चिततेत गेली.

सूक्ष्म कर्जाचा वाद याहून जिव्हाळ्याचा आहे. ऑक्टोबर २०१० मध्ये आंध्र प्रदेश सरकारने वटहुकूम काढला. कर्जदार महिलांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, आणि हैदराबादेत मुख्यालय असलेली एसकेएस ही सूक्ष्म कर्ज कंपनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शेअर बाजारात उतरली होती. वटहुकुमानुसार वसुलीसाठी घरी जायला बंदी, आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता, कंपन्यांना नोंदणीची सक्ती. कंपन्या हायकोर्टात गेल्या आणि २०१३ मध्ये हरल्या. त्याच इमारतीत, आता तेलंगणा उच्च न्यायालय म्हणून, फेब्रुवारी २०२३ मध्ये उलटा निकाल आला : रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तीय कंपन्यांना राज्याचा हा कायदा लागू नाही. न्यायमूर्तींचे मन बदलले म्हणून हे झाले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०२२ मध्ये 'नेडुंपिल्ली फायनान्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केरळ आणि गुजरातच्या सावकारी कायद्यांबाबत तसाच निर्णय दिला होता, आणि उच्च न्यायालय त्याने बांधलेले होते. म्हणूनच उच्च न्यायालयांचे कौल मोजणाऱ्याने जिथे न्यायमूर्तीला निवडीला जागा होती आणि जिथे नव्हती, अशी दोन खाती वेगळी ठेवली पाहिजेत. दरम्यानच्या दहा वर्षांत बचत गटातल्या बाईला कोणत्या दराने, कुणाकडून कर्ज मिळाले, हा प्रश्न मात्र दोन्ही निकालांच्या कक्षेबाहेर राहिला.

राज्य परिवहन महामंडळाच्या (आरटीसी) कर्मचाऱ्यांचा २०१९ चा संप काचीगुड्याच्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला. ५ ऑक्टोबरपासून सुमारे ४८ हजार कर्मचारी कामावर नव्हते आणि काचीगुडा डेपोसह सगळे डेपो पोलीस बंदोबस्तात होते. मुख्य न्यायमूर्ती राघवेंद्रसिंह चौहान आणि न्यायमूर्ती ए. अभिषेक रेड्डी यांच्या पीठाने सरकारच्या आकडेवारीवर कठोर प्रश्न विचारले, तोडग्यासाठी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन निवृत्त न्यायमूर्तींची समिती सुचवली. सरकारने ती नाकारली. संप बेकायदा ठरवायलाही पीठाने नकार दिला. आणि २२ नोव्हेंबर रोजी ५,१०० मार्ग खासगी वाहतूकदारांना देण्याच्या मंत्रिमंडळाच्या निर्णयात हस्तक्षेप करायचे नाकारले. सुनावणीतली तोंडी ताशेरेबाजी वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत आली, त्यामुळे कर्मचाऱ्यांची आशा वाढली. लेखी कौल संयमाचा होता. धोरण सरकारचे, न्यायालयाचे नव्हे, हे तत्त्व योग्यच आहे. पण न्यायमूर्तींच्या तोंडी बोलण्यावर हजारो कुटुंबे महिनाभर विसंबली, तेव्हा बोलणे आणि कौल यांतले अंतर कमी ठेवण्याची जबाबदारी न्यायासनाचीही असते.

कौलाआधीही एक निर्णय झालेला असतो, तो रोस्टरचा. करविषयक प्रकरणे कुणाकडे, जमीन संपादन कुणाकडे, कामगार कुणाकडे, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी पत्रकारांसमोर येऊन जी तक्रार केली, ती प्रकरणांच्या वाटपाबद्दलच होती. त्या चौघांतले जस्ती चेलमेश्वर हैदराबादच्या हायकोर्टात न्यायमूर्ती होते, आणि मदन लोकूर इथे मुख्य न्यायमूर्ती राहिले होते. रोस्टर बदलण्याची कारणे लेखी असतील, तर संशयाला जागा उरणार नाही.

कौलांची नोंद ठेवण्याला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. सरकारनेही नोंद ठेवली तर? ठेवलीच होती. १० फेब्रुवारी १९७० रोजी बँक राष्ट्रीयीकरणाचा कायदा दहा विरुद्ध एक मतांनी रद्द झाला. हैदराबादचे पी. जगनमोहन रेड्डी त्या दहांत होते, आणि एकटे विरोधात होते ए. एन. राय. एप्रिल १९७३ मध्ये शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर यांना डावलून राय सरन्यायाधीश झाले. तिघेही बँक खटल्यात आणि केशवानंद खटल्यात सरकारविरोधी बाजूला होते. पाच दशकांनंतरही सवय गेलेली नाही. २०२५ मध्ये बी. सुदर्शन रेड्डी उपराष्ट्रपतिपदाचे उमेदवार झाले, तेव्हा त्यांचा २०११ चा सलवा जुडुम निकाल प्रचारात उकरून काढला गेला. आंध्र प्रदेश हायकोर्टातून गेलेल्या या न्यायमूर्तींनी काळ्या पैशाच्या चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमणारा आदेशही त्याच वर्षी दिला होता. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या वायूच्या अंबानी बंधूंच्या वादातही त्यांचे वेगळे निकालपत्र आहे. प्रचारात एक निकाल चालला, बाकीचे कुणी वाचले नाहीत. सत्ताधारी गुपचूप मोजणार असतील, तर नागरिकांनी उघडपणे, पूर्ण आणि नीट मोजणे हाच त्यावर उपाय आहे.

अमेरिकेत हर्मन प्रिचेट यांनी १९४८ मध्ये रूझवेल्टकालीन न्यायालयाच्या कौलांवर पुस्तक लिहिले. भारतात जॉर्ज गॅडबॉइस यांनी १९७० मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त सर्वोच्च न्यायालयाच्या विभागलेल्या निकालांचा अभ्यास केला. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाला १९७० नंतर भिन्नमत प्रसिद्ध करण्याची मुभा मिळाली, युरोपीय संघाच्या न्यायालयात ती अजूनही नाही. भारतात पहिल्या दिवसापासून आहे, तरी तिचा उपयोग करून घेणारी संस्था उभी राहिली नाही. राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड किती प्रकरणे तुंबली ते सांगते. कोणत्या न्यायमूर्तीने कोणत्या प्रकारच्या प्रकरणात काय ठरवले, हे सांगत नाही.

तेलंगणा उच्च न्यायालयापासून सुरुवात करता येईल. २०२१ मध्ये त्याची मंजूर न्यायमूर्ती संख्या २४ वरून ४२ झाली. राजेंद्रनगरला नव्या संकुलाची पायाभरणी २७ मार्च २०२४ रोजी झाली. नव्या इमारतीबरोबर नवी नोंदवही यावी. कर, जमीन, कामगार, कर्ज आणि कंत्राट या पाच प्रकारांत प्रत्येक निकालासोबत पीठ, निकाल लिहिणाऱ्याचे नाव, निकाल राखून ठेवल्याची तारीख आणि जाहीर झाल्याची तारीख, अंतरिम आदेश, भिन्नमत, आणि सर्वोच्च न्यायालयात पुढे काय झाले, एवढे एका पानावर यावे. शहरात १९९८ पासून नालसारसारखे विधी विद्यापीठ आहे. दरवर्षी हे काम विद्यार्थ्यांना प्रबंध म्हणून देता येईल. तेलुगू, उर्दू आणि मराठी वृत्तपत्रांनी तो अहवाल छापावा, वकिलांच्या संघटनांनी त्यावर जाहीर चर्चा घ्यावी.

न्यायमूर्तींकडून मागणे एकच आहे. आर्थिक प्रकरणात ज्या गृहीतकावर निकाल उभा आहे, ते निकालपत्रात शब्दांत यावे. मोबदला पुरेसा आहे असे ठरवले, तर कशाच्या तुलनेत पुरेसा? धोरणात हस्तक्षेप नको म्हटले, तर कोणत्या मर्यादेपर्यंत? मुंबईच्या त्या जुन्या इमारतींच्या प्रकरणाला हे लगेच लागू पडते. नऊ न्यायमूर्तींनी घटनात्मक प्रश्नांची उत्तरे दिली. आठव्या-अ प्रकरणाची वैधता ठरवणे नेहमीच्या पीठाकडे राहिले. १९९१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाला तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, मालक आणि भाडेकरू दोघांच्याही पिढ्या बदलल्या आहेत. ज्या पीठापुढे हे प्रकरण लागेल, त्याने मासिक भाड्याची शंभरपट ही किंमत दादर-गिरगावच्या आजच्या जमिनीपुढे न्याय्य आहे की नाही, हे आकडा मांडून सांगावे. दोन न्यायमूर्तींना दोन आकडे योग्य वाटत असतील, तर दोन्ही निकालपत्रांत यावेत.